धाराशिवच्या खेड्यांतील मत



निवडणुकीचे दिवस आले म्हणजे शहरांतील सुशिक्षित घरांतून एक ठरलेलें वाक्य ऐकूं येतें. "खेड्यांतल्या मतांचें काय सांगावें! तेथें जात पाहून मत पडतें, नाहीं तर पैसा पाहून." हें वाक्य बोलणारा मनुष्य दुष्ट हेतूनें बोलत असतो असें नाहीं. सकाळच्या वर्तमानपत्रांत वाचलेलें तो दुपारच्या चहाबरोबर पुढें सरकवीत असतो, इतकेंच. परंतु ज्या मतांविषयीं तो बोलतो तीं मतें एखाद्या ठिकाणीं पाय रोवून, आकडे समोर मांडून पाहिलीं, तर हा निकाल फार घाईचा वाटूं लागतो. आज मी आपणांपुढें एकच जिल्हा ठेवणार आहें. त्या जिल्ह्यांतील खेडुतांचें मत कोणाकडे झुकतें, तें तसें कां झुकतें, आणि झुकलेलें असूनहि तें बाहेरच्यास कां दिसत नाहीं, एवढेंच सांगणार आहें.

जिल्हा धाराशिवचा. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नांवावरून त्यास उस्मानाबाद म्हणत असत. २०२३ सालीं धाराशिव हें जुनें नांव सरकारी दप्तरांत परत आलें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें लोकवस्ती १६,५७,५७६. त्यांपैकीं शेंकडा ८३ लोक खेड्यांत राहणारे. पश्चिमेस परंडा व भूम हे तालुके सीनेच्या खोऱ्याकडे उतरतात आणि त्यांचा बाजारहाट बार्शीशीं चालतो. उत्तरेस कळंब मांजरेच्या बाजूला. मधून बालाघाटाचें पठार, पुष्कळ ठिकाणीं हलक्या मुरमाड जमिनीचें. आणि दक्षिणेस उमरगा, जेथें कानडी बोलणारें घर शेजारींच सांपडतें. सोयाबीन, तूर, उडीद हीं पावसावरचीं पिकें, आणि जेथें पाणी तेथें ऊंस. पाणी फार ठिकाणीं नाहीं.

आंद्रे सीग्फ्रीद या फ्रेंच पंडितानें १९१३ सालीं पश्चिम फ्रान्सच्या मतदानावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीचा पोत कसा, जमिनीची मालकी कोणाकडे, वस्ती विखुरलेली कीं एकवट, धर्मगुरूचें वजन किती, यांवरून कोणता भाग उजव्या पक्षाकडे वळतो व कोणता डाव्या, हें त्यानें नकाशे काढून दाखविलें. कातळाच्या मुलुखाचें मत एका बाजूस आणि चुनखडीच्या मुलुखाचें दुसऱ्या बाजूस, असें त्याच्या निष्कर्षाचें लोकांत प्रसिद्ध झालेलें रूप आहे. हा गज धाराशिवास लावून पाहण्याचा मोह मलाहि झाला. परंतु सीग्फ्रीदचा मतदार पिढ्यानुपिढ्या एकाच पक्षाच्या बाजूस उभा राहतो. आमचा तसा राहत नाहीं. अमेरिकेंतील खेडवळ परगण्यांकडे पाहा. तेथील कित्येक राज्यांत मतदारानें नांव नोंदवितांना आपला पक्ष कोणता हेंहि लिहून देण्याची रीत आहे. आणि एकदां रिपब्लिकन पक्षाकडे वळलेला परगणा बहुधा निवडणुकीमागून निवडणूक तिकडेच राहतो. धाराशिवच्या शेतकऱ्यास "तुझा पक्ष कोणता तें लिहून दे" असें कोणी सरकारी कारकून म्हणेल, तर तो "बघूं, साहेब" एवढेंच उत्तर देईल. या "बघूं"मध्यें काय सांठविलेलें आहे तें पाहूं.

प्रारंभ १९५२ पासून करावा लागतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता, आणि मत देऊन राज्यकर्ता बदलतां येतो ही कल्पनाच रयतेच्या व्यवहारांत नव्हती. राजकारणाची शिकवण येथें आली ती निवडणुकींतून नव्हे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंतून आली, जेथें स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, आणि रझाकारांच्या दिवसांत बार्शीच्या बाजूला सरहद्दीवर पडलेल्या कँपांतून आली. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आंत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाच्या हातीं मत आलें. त्या पहिल्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. पेटीवर चिन्ह चिकटविलेलें, आणि मतदारानें आपला कागद पसंतीच्या पेटींत सोडावयाचा. काँग्रेसचें चिन्ह बैलजोडीचें. ज्या मुलुखाचें पोट बैलावर, तेथें याहून चांगलें चिन्ह कोणास सुचलें असतें?

आणि तरीहि काय झालें पाहा. उस्मानाबादची लोकसभेची जागा काँग्रेसला मिळाली. हैदराबाद राज्याच्या विधानसभेंतहि १७५ पैकीं ९३ जागा काँग्रेसच्या. परंतु त्याच निवडणुकींत उस्मानाबादच्या मतदारांनीं विधानसभेस पाठविले ते शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील. दिल्लीस बैलजोडी, हैदराबादेस शेतकऱ्याचा वकील. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशा बहुसंख्य मतदारांनीं आयुष्यांतील पहिल्याच मतदानांत हा विवेक केला. त्यांस "हें कां?" असें त्या वेळीं कोणी विचारलें असतें, तर त्यांनीं पक्षांचीं धोरणें सांगितलीं नसतीं. दिल्लीचें राज्य ज्यांनीं आणलें त्यांस एक मत, आणि कुळाच्या जमिनीचें गाऱ्हाणें जो चावडीवर बोलेल त्यास दुसरें, इतका सरळ हिशेब त्यांत असावा असें मला वाटतें.

पंचवीस वर्षांनीं, १९७७ सालीं, हाच प्रकार अधिक ठळक झाला. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकींत मराठवाड्यानें काँग्रेसला जवळजवळ झाडून टाकलें. परभणी व नांदेड येथें शेतकरी कामगार पक्ष, बीडास मार्क्सवादी कम्युनिस्ट, औरंगाबादेस जनता पक्ष. लातूरनें उद्धवराव पाटलांस लोकसभेवर निवडलें. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. निराळा जिल्हा झाला तो १९८२ सालीं. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका भागानें काँग्रेसचा कट्टर विरोधक दिल्लीस धाडला आणि दुसऱ्या भागानें, उस्मानाबाद मतदारसंघानें, काँग्रेसचाच उमेदवार निवडून दिला. पाऊस तोच, पिकें तींच, जातींची वांटणीहि फारशी निराळी नव्हे. सीग्फ्रीदचे नकाशे येथें कांहीं उपयोगीं पडत नाहींत.

पुढें १९९१ पर्यंत काँग्रेसची रेघ अखंड चालली. मग १९९६ सालीं शिवसेना, १९९८ सालीं पुन्हां काँग्रेस, १९९९ व २००४ सालीं पुन्हां शिवसेना. हा मतदारसंघ त्या काळांत अनुसूचित जातींसाठीं राखीव होता, आणि ही बाब शहरांतील टीकाकार बहुधा विसरतात. जागा राखीव असल्यामुळें जिल्ह्यांतील बडीं मराठा घराणीं लोकसभेस स्वतः उभीं राहूं शकत नसत. त्यांचें लक्ष विधानसभा, जिल्हा परिषद, साखर कारखाना आणि जिल्हा बँक यांवर असे. खासदार कोण व्हावा यांत त्यांचा शब्द चाले, परंतु जीव गुंतलेला नसे. २००९ सालीं जागा खुली झाली आणि चित्र पालटलें. तेरचे डॉ. पद्मसिंह पाटील, जे १९७८ पासून विधानसभेवर निवडून येत होते, ते राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि शिवसेनेच्या रवींद्र गायकवाडांविरुद्ध अवघ्या ६,७८७ मतांनीं विजयी झाले. पांच वर्षांनीं त्याच दोघांची पुन्हां गांठ पडली. या वेळीं गायकवाड २,३४,३२५ मतांनीं निवडून आले. २०१९ सालीं शिवसेनेचे ओमराजे निंबाळकर हे पद्मसिंहांचे पुत्र राणाजगजितसिंह यांच्यावर १,२७,५६६ मतांनीं विजयी झाले. दोघे एकाच घराण्याचे, नात्यानें चुलत भाऊ.

आतां २०२४ कडे येऊं, कारण माझ्या सर्व म्हणण्याचा कस तेथें लागतो. ७ मे रोजीं लोकसभेचें मतदान झालें. शिवसेनेचे दोन तुकडे झालेले, राष्ट्रवादीचेहि दोन. ओमराजे उद्धव ठाकरे यांच्या बाजूस राहिलेले. त्यांच्यासमोर राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चना पाटील, अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या उमेदवार. राणाजगजितसिंह स्वतः २०१९ पासून भारतीय जनता पक्षांत. म्हणजे पति एका पक्षाचे आमदार आणि पत्नी दुसऱ्या पक्षाची उमेदवार. दोन्ही पक्ष एकाच महायुतींतले म्हणून त्यांत विरोध नव्हता, परंतु पक्ष या शब्दाचें वजन जिल्ह्यांत किती उरलें होतें तें यावरून कळतें. निकाल लागला तो असा: ओमराजे ३,२९,८४६ मतांनीं विजयी. या मतदारसंघांत जिल्ह्याचे चार विधानसभा भाग, शिवाय लातूर जिल्ह्यांतील औसा आणि सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी असे सहा भाग येतात; एकाहि भागानें महायुतीला हात दिला नाहीं.

वर्तमानपत्रांनीं लिहिलें कीं जिल्हा ठाकऱ्यांचा झाला. बरोबर साडेसहा महिन्यांनीं, २० नोव्हेंबर रोजीं, त्याच मतदारांनीं विधानसभेसाठीं मतें दिलीं. तुळजापूर राणाजगजितसिंहांस, म्हणजे भाजपला, स्वच्छ फरकानें. परंडा शिंदे यांच्या शिवसेनेच्या तानाजी सावंतांस, परंतु फक्त १,५०९ मतांनीं. उस्मानाबाद ठाकऱ्यांच्या शिवसेनेच्या कैलास पाटलांस, आणि उमरगा त्याच पक्षाच्या प्रवीण स्वामींस, ३,९६५ मतांनीं. दोन इकडे, दोन तिकडे. साऱ्या मराठवाड्यांत त्या वेळीं ४६ पैकीं ४० जागा महायुतीला मिळाल्या, आणि ठाकऱ्यांच्या शिवसेनेच्या वांट्यास ज्या तीन आल्या त्यांतील दोन एकट्या धाराशिव जिल्ह्यांतल्या. जिल्हा वाऱ्याबरोबर गेला म्हणावें, तर अर्धा वाऱ्याविरुद्ध उभा राहिला. एकनिष्ठ म्हणावा, तर अर्धा सोडून गेला.

याचा उलगडा पुष्कळांनीं सोयाबीनच्या भावानें केला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनानें केला, "लाडकी बहीण" योजनेच्या महिन्याच्या १,५०० रुपयांनीं केला. यांत खोटें कांहीं नाहीं. २०२१ च्या पावसाळ्यांत ज्या सोयाबीनला क्विंटलमागें दहा हजारांच्या आसपास भाव आला होता, त्यास २०२४ च्या उन्हाळ्यांत त्याच्या निम्माहि धड मिळत नव्हता; त्याचा राग मे महिन्यांत मतपेटींत उतरला. परंतु नोव्हेंबरांत भाव सुधारला होता काय? उलट नवीन माल बाजारांत आल्यावर तो सरकारनें ठरविलेल्या ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीं गेला होता. राग ओसरण्यास कारण नव्हतें. मग परंड्यांतील ती प्रचंड आघाडी कोठें गेली?

माझें उत्तर असें आहे. सीग्फ्रीदचा कातळ आमच्याकडेहि आहे. परंतु तो जिल्ह्याच्या किंवा पक्षाच्या पातळीवर नाहीं, त्याच्या पुष्कळ खालीं, गांवांत आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाहीं. ती पॅनेलची असते. पॅनेलला ग्रामदैवताचें नांव असतें, "ग्रामविकास" असें नांव असतें, तें दर निवडणुकीस बदलतेंहि. पण त्याच्या मागचा गट बदलत नाहीं. हा गट भावकीवर उभा असतो, सोयरिकीवर असतो, आजोबांच्या वेळच्या बांधाच्या तंट्यावर असतो, सोसायटीच्या कर्जवांटपावर असतो. गांवांत बहुधा असे दोन गट. घरकुलाच्या यादींत कोणाचें नांव, पाण्याची टाकी कोणत्या गल्लींत, स्मशानभूमीचा रस्ता आधीं कीं मारुतीच्या देवळापुढचा सभामंडप आधीं, हे सर्व प्रश्न या दोन गटांत सुटतात किंवा कुजतात. अमेरिकन खेडूत जसा रिपब्लिकन म्हणून जन्मतो तसा आमचा खेडूत या गटांत जन्मतो. खरी पक्षनिष्ठा पाहावयाची असेल तर ती येथें पाहावी. पांच-सात मतांनीं हरलेलें पॅनेल पुढच्या निवडणुकीपर्यंत बाजूच्या आळींतून पाणी भरीत नाहीं.

वरचे पक्ष या गटांवर टोपीसारखे बसतात. एक गट एका आमदाराकडे गेला कीं दुसरा त्याच्या विरोधकाकडे गेलाच. मग आमदाराची टोपी कोणत्या रंगाची हें फारसें पाहिलें जात नाहीं. म्हणूनच मोठा पुढारी एका पक्षांतून दुसऱ्यांत गेला म्हणजे मुंबईस जो धक्का बसतो तो गांवांत बसत नाहीं. गट जसाचा तसा पलीकडे उचलून ठेवला जातो. याला अपवाद नाहीं असें मात्र समजूं नये. २०२२ च्या जूनमध्यें शिवसेनेंतील फुटीच्या वेळीं कैलास पाटील सुरतेच्या वाटेवरून परत फिरले, ही गोष्ट जिल्ह्यांत इतक्यांदां सांगितली गेली कीं दोन वर्षांनीं तिचीच मतें झालीं असें मानण्यास जागा आहे. रात्रीं पायीं चालत आलेला मनुष्य खेडुतास समजतो. जाहीरनामा समजावून घ्यावा लागतो.

तर एकच मतदार तीन वह्या ठेवतो. ग्रामपंचायतीची वही गटाची. विधानसभेची वही कामाची: तहसिलींत अडलेला कागद, दवाखान्यांतली खाट, जळालेला ट्रान्सफॉर्मर, यांसाठीं रात्रीं दहा वाजतां फोन उचलणारा कोण. लोकसभेची वही मनाची. दिल्ली इतकी दूर आहे कीं तेथें कोण गेला यावरून घरकुल मिळत नाहीं कीं जात नाहीं; म्हणून तेथें गटाचे पुढारीहि सैल सोडतात, आणि मतदार राग, लोभ, कृतज्ञता मोकळेपणानें लिहून टाकतो. तीन लाखांचा फरक या तिसऱ्या वहींतला आहे. दीड हजारांचा दुसऱ्या वहींतला. १९५२ च्या मतदारानें दोन पेट्यांत दोन निराळे कागद टाकले तेव्हांच या वह्या निराळ्या झाल्या होत्या. आपण शहरांतील माणसें एक वही वाचतों आणि दुसरीचा निकाल चुकला म्हणजे मतदारास मूर्ख किंवा विकाऊ ठरवितों.

पैसा वांटला जात नाहीं असें मी म्हणणार नाहीं, ऐकणारे हंसतील. परंतु पाकीट दोन्ही बाजूंकडून येतें, आणि जें दोन्ही बाजूंकडून येतें त्यानें निकाल ठरत नाहीं. तें न देणारा मात्र कंजूष ठरतो. लग्नांतल्या आहेरासारखें त्याचें झालें आहे. ही स्थिति चांगली नव्हे, आणि गरीब उमेदवारास ती उभेंच राहूं देत नाहीं, हा तिचा खरा दोष आहे.

याहून मला अधिक काळजीची वाटते ती दुसरी गोष्ट, आणि ती कायद्याच्या पोटांतली आहे. गुप्त मतदानाची पद्धत ऑस्ट्रेलियांत १८५६ सालीं निघाली आणि १८८८ नंतर अमेरिकेनें ती उचलली. तोंवर तेथें पक्षाचे कार्यकर्ते आपल्या रंगीत मतपत्रिका उघड वांटीत आणि मजूर कोणती पेटींत टाकतो हें मालक पाहत उभा राही. आमच्या कायद्यानें प्रारंभापासूनच मत गुप्त ठेवलें. कागदी मतपत्रिकांच्या दिवसांत निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वीं एकत्र मिसळण्याची सोय नियमांत होती. मतदानयंत्र आलें आणि ही सोय बुडाली. आतां प्रत्येक केंद्राचा आंकडा निराळा निघतो, निराळा छापला जातो, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशीं तो मोबाईलवर गांवोगांव फिरतो. तुमचें माझें मत गुप्त राहिलें; गांवाचें राहिलें नाहीं. लहान खेड्यास एकच केंद्र, थोड्या मोठ्यास दोन. आणि यादी घरांच्या क्रमानें असल्यामुळें कोणती वस्ती कोणत्या केंद्रावर हें साऱ्या गांवास पाठ. वेशीबाहेरच्या वस्तीनें कोणास मत दिलें हें शोधण्यास कोणा हेराची गरज नाहीं.

निवडून आलेला मनुष्य हे आंकडे पाहून रस्ता देतो किंवा देत नाहीं असें मी सर्वांविषयीं म्हणत नाहीं. परंतु देणार नाहीं ही भीति गांवांत आहे, आणि ती भीति मतदान-केंद्रापर्यंत मतदाराबरोबर चालत जाते. "बघूं, साहेब" हें उत्तर येथून आलेलें आहे. तें अज्ञानाचें नाहीं. ज्याचें मत वस्तीच्या आंकड्यांतून वाचलें जातें तो तोंडानें तरी तें सांगणार नाहीं, एवढेंच त्यांत आहे. आणि मतदानापूर्वींचे अंदाज घेऊन फिरणारे पंडित जेव्हां चुकतात, तेव्हां ते याच उत्तरापाशीं चुकलेले असतात. या दोषावर उपाय नाहीं असें नाहीं. चौदा-पंधरा केंद्रांचीं यंत्रें एकत्र जोडून फक्त एकूण बेरीज दाखविणारें साधन निघालेलें आहे. निवडणूक आयोगानें २००८ सालीं तें सुचविलें, विधि आयोगानें २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालांत त्याची शिफारस केली. सरकारनें तें स्वीकारलें नाहीं. पक्षांसहि आंकडे पाहण्याची चटक लागलेली आहे. विरोधांत बसणाऱ्यासहि उद्यां ते लागतील असें वाटत असावें. शहरांतील सुशिक्षितांनीं खेड्यांच्या मतासाठीं कांहीं करावयाचें असेल, तर उपदेश बाजूस ठेवून या एका सुधारणेचा आग्रह धरावा. मोठ्या शहरांत केंद्रावरून कोणाचें मत ओळखूं येत नाहीं, म्हणून आपणांस तिची निकड भासत नाहीं.

स्त्रियांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पहिल्या निवडणुकीच्या वेळीं देशांत सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून वगळावीं लागलीं, कारण त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई असें सांगितलें होतें. आज महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. सरपंचबाईंच्या खुर्चींत त्यांचे यजमान बसतात ही थट्टा शहरांत फार चालते, आणि पुष्कळ गांवीं ती खरीहि आहे. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरांत घरांतील पुरुषानें सांगितलेलें बटण आणि बाईनें दाबलेलें बटण हीं एकच होतीं काय, याविषयीं पुरुषांसच खात्री उरली नव्हती. स्वतःच्या नांवाच्या खात्यांत स्वतःच्या नांवानें पैसे येणें, हें कित्येक बायकांच्या आयुष्यांत प्रथमच घडलें होतें. ती लांच होती कीं मदत होती हा वाद पुरुषांनीं खुशाल घालावा. कोणत्या वहींत तें लिहावयाचें हें बायकांनीं आपलें आपण ठरविलें, आणि ही चौथी वही उघडली गेली काय, हें पुढल्या एक-दोन निवडणुकांत दिसेल.

इतकीं मतें देऊन जिल्ह्यास मिळालें काय? २०१८ सालीं केंद्र सरकारनें देशांतील मागासलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली तींत महाराष्ट्राचे चार जिल्हे आले: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. पहिले मत देऊन सहासष्ट वर्षें झालीं होतीं. गटाच्या राजकारणानें गांवास सभामंडप मिळाला, रस्ता मिळाला, कधीं टाकीहि मिळाली. पण नदीचें पाणी पठारावर चढविणें हें कोणत्याहि एका गटाचें काम नाहीं, म्हणून तें कोणाच्याच वहींत आलें नाहीं. प्रत्येक निवडणुकीच्या सभेंत कृष्णेचें पाणी मराठवाड्यास आणण्याचें आश्वासन ऐकूं येतें. ऐकणारे टाळ्या वाजवितात आणि घरीं जातांना टँकरची वेळ विचारतात.

शेवटीं एक हिशेब सांगतों. २०२४ चा साखरेचा हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करावयाचें सरकारनें ठरविलें होतें, आणि मतदान होतें २० तारखेस. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें दिवाळी झाली कीं मुलें-बाळें व भांडीं-कुंडीं घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. कांहीं कारखान्यांनीं धुराडीं थोडीं उशिरा पेटविलीं, कांहीं उमेदवारांनीं मजुरांस परत आणण्यासाठीं गाड्या धाडल्या; ज्यांची कोणी गाडी धाडली नाहीं ते फडांतच राहिले. त्यांचें मत गांवच्या यादींत, आणि ते स्वतः कोयता घेऊन दीडशें-दोनशें मैलांवर. परंड्याचा निकाल १,५०९ मतांनीं लागला.